नाक्यावरचा कोट

निमगव्हाण,
श्रावण वद्य त्रयोदशी, शके १८५७

भगवान,

आधी खाली बस, मग वाच. उभ्याउभ्या पत्र वाचायची तुला लहानपणापासून खोड आहे, आणि अर्धं वाचून उत्तर ठरवायची त्याहून मोठी. ही अक्का काय सांगते ते शेवटपर्यंत वाच.

एकादशीच्या संध्याकाळी तालुक्याहून एक अंमलदार आणि चार शिपाई आमच्या ओसरीवर आले. पोथी चालू होती. श्रावणात आमच्याकडे रोज पोथी असते, आणि पोथी झाली की तू दर आठवड्याला पाठवतोस तो खामगावचा पेपर वाचला जातो. वीस-पंचवीस माणसं बसतात. अंमलदारानं पोथी उचलली, पेपरांचा गठ्ठा उचलला, आणि तुझ्या भाऊजींना बरोबर नेलं. पंचनाम्यात लिहिलं आहे की महादेवराव हा इसम परवानगी नसताना सभा भरवतो आणि परमुलखातली वर्तमानपत्रं वाचून लोकांना चिथावतो. चिथावणी कसली तर कापसाच्या भावाची.

तुझ्या वऱ्हाडात हे ऐकून लोक हसतील. पण नदी ओलांडली की इकडे निजामाची मोगलाई आहे, आणि इथं परवानगीशिवाय चार माणसांनी एकत्र बसणं म्हणजे गुन्हा ठरू शकतो. वर्षाची सजा होईल असं म्हणतात. जामीन मिळाला नाही. तालुक्याला जो एक वकील आहे त्यानं मला बघताच हात जोडले. "बाई, मले माही सनद सांभाळू द्या," म्हणाला. तारीख भाद्रपदातल्या पौर्णिमेची पडली आहे.

परवा पोळा. बैलांना घेऊन जायला घरधनी नाही. उद्या त्यांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून खांदेमळण मीच करीन, बैलांना काय, हात ओळखीचा असला की झालं. मी रडत बसलेली नाही. पण तू ये. तू एवढा शिकलास तो कोणत्या दिवसासाठी?

पत्र टपालात टाकलं नाही, टपालातली पत्रं फोडतात अशी बोलवा आहे. देऊळगावची खुर्शीदा बांगडीवाली दोन्हीकडचे बाजार करते, तिच्या टोपलीत बांगड्यांखाली घालून पाठवते आहे. उत्तरही तिच्याच हाती दे. तिच्याकडून वहिनीसाठी बांगड्या घे, घासाघीस करू नकोस.

तुझी अक्का

ता. क. यांचा नमस्कार लिहायची सवय आहे म्हणून हात थांबला. ते घरी नाहीत.


चिखली,
३ सप्टेंबर १९३५

अक्का,

बसून वाचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी अमडापूरला जाऊन आईच्या कानावर घातलं. ती चुलीतली लाकडं सारत होती; मी निघताना म्हणाली, "पेपर कोन धाडे रे? तूच ना? मंग आता तूच सोडवून आन." तिच्या कोर्टात माझा निकाल लागला आहे. तो बरोबरही आहे. पेपर मी पाठवत होतो, त्यात काही वाईट नाही अशा खात्रीनं पाठवत होतो, पण पलीकडे कायदा निराळा आहे हे वकिलानं विसरायचं नसतं. भाऊजी माझ्यामुळे कोठडीत आहेत ही गोष्ट जेवताना आठवते आणि मी पानावरून उठतो.

मी येतो. पौर्णिमा बारा तारखेला आहे, अकराला दुपारी नदीवर पोचतो. नवा काळा कोट शिवायला टाकला होता तो शिंप्याकडून आजच आणला. माझा पहिलाच चांगला कोट आहे. तो घालून भाऊजींसाठी उभा राहीन, मग बघ.

तोवर भाऊजींना एवढाच निरोप दे की कोणत्याही कागदावर सही करू नका. वाचून बघितल्याशिवाय तर मुळीच नाही.

बांगड्या घेतल्या. घासाघीस केली नाही, तरी खुर्शीदानं तुझ्या नावावर मला दोनचार शब्द ऐकवलेच.

भगवान


चिखली,
१४ सप्टेंबर १९३५

अक्का,

तारखेला येता आलं नाही. आदल्या दिवशी हिवताप भरला, अंगावर दोन घोंगड्या घातल्या तरी थंडी जाईना. आता उतार आहे. पुढची तारीख कोणती पडली ते कळव. तेव्हा नक्की येतो. भाऊजींना धीर दे. जास्त लिहिण्याची ताकद नाही.

भगवान


निमगव्हाण,
भाद्रपद वद्य अष्टमी

भगवान,

तुझा हिवताप खुर्शीदानं पाहिला. तो नदीच्या नाक्यावर उभा होता, नवा काळा कोट घालून, काखेत कायद्याची जाडजूड पुस्तकं घेऊन.

ती बाजाराहून परतत होती, टोपली खाली ठेवून सगळं ऐकून आली. नाक्याच्या जहांगीर जमादारानं तुला विचारलं, "कशाले चालले?" तू म्हणालास, मुकदमा चालवायला. तो म्हणाला, "बाहेरच्या वकिलाले मुकदम्यासाठी हद्दीत सोडू नये असा हुकूम हाय. तुमी दुसऱ्या कामाने आले असान तर तसं सांगा." तू म्हणालास, मी वकील आहे. त्यानं पुन्हा विचारलं, "पावनेपनाले चालले काय? कोनी सोयरं हाय काय तिकडं?" तू सनद काढून त्याच्या नाकापुढे धरलीस. मग तासभर उन्हात उभं राहून त्याला शिकवलंस की वऱ्हाड कागदोपत्री निजामाचंच आहे, इंग्रजाकडे नुसतं कारभाराला दिलं आहे, तेव्हा तू परका ठरूच शकत नाहीस. खुर्शीदा म्हणते, "बाई, जमादार बिचारा दार उघडून देत होता अन् तुमचा भाऊ भित्तीलेच धडका मारून राह्यला होता."

अरे, दोनदा विचारलं त्यानं. माझी बहीण आहे तिकडे, भेटायला चाललो आहे, एवढं तोंडातून निघालं नाही?

आणि वर मला तापाची थाप. तारखेच्या दिवशी मी कचेरीत उभी होते. हे दाराकडे बघत होते. दार वाजलं की मान वळवायचे. मुन्सफसाहेब वाईट माणूस नाही, वकील नाही म्हणून त्यानं पुढची तारीख दिली, आश्विन वद्य एकादशी. म्हणाला, ही शेवटची.

मला राग याचा नाही की तुला सोडलं नाही. राग याचा आहे की तू लपवलंस. या घरात लपवणारी मी एक पुरे आहे.

अक्का


चिखली,
२५ सप्टेंबर १९३५

अक्का,

तू लिहिलंस ते अक्षरन् अक्षर खरं आहे. ताप नव्हता. लाज होती. परत येताना दमणीत गाडीवानामागे बसून कोट काढला आणि घडी करून ठेवला. आपल्याच बहिणीच्या गावाला, जिथं लग्नात मी पंगती वाढल्या, तिथं मला परका म्हणून परत पाठवलं, हे तुला लिहायला हात धजेना.

पण भावाच्या नात्यानं का गेलो नाही म्हणतेस, तर ऐक. नातं सांगून आत शिरायचं आणि मग कचेरीत वकील म्हणून उभं राहायचं, ही लबाडी झाली असती. मला माझ्या हक्कानं आत यायचं आहे. वर तीन अर्ज केले आहेत, चौथा उद्या जाईल. उत्तर एकाचंही नाही.

तरी मी हातावर हात ठेवून बसलो नाही. मला एक युक्ती सुचली आहे, आणि स्वतःच्या तोंडानं सांगतो की नामी आहे. त्या अंमलदाराला मराठी वाचता येत नाही, त्यानं पोथीलाही चिथावणीचं पुस्तक समजून पंचनाम्यात घातलं. तेव्हा मी मुन्सफसाहेबांकडे टपालानं अर्ज पाठवला आहे की आरोपीच्या हाती ती जप्त पोथी द्यावी आणि भर कचेरीत वाचून घ्यावी. भाऊजी सुरात दोन ओव्या वाचतील, पेशकार, म्हणजे तिथला कारकून, उर्दूत अर्थ सांगेल, मुन्सफाला दिसेल की हा श्रावणातला पोथी वाचणारा साधा शेतकरी आहे. त्यापाठोपाठ पेपरही वाचायला द्यावा म्हणून लिहिलं आहे. कापसाचा भाव ऐकून कोण चिथावतं ते तरी कळेल. वकिलाची गरजच उरणार नाही.

अर्ज पोचल्याची पावती कालच आली. आता तरी राग सोड.

भगवान

ता. क. 'या घरात लपवणारी मी एक पुरे' असं लिहिलंस त्याचा अर्थ लागला नाही.


निमगव्हाण,
आश्विन शुद्ध एकादशी

भगवान,

तुझं पत्र दसऱ्याआधी मिळालं. दसरा कसा गेला ते कळलं नाही. आता मला ते लिहावं लागतं आहे जे मी बारा वर्षं कोणाला सांगितलं नाही, आईलाही नाही.

तुझ्या भाऊजींना वाचता येत नाही.

लग्न जमवताना त्यांच्या चुलत्यानं बाबांना सांगितलं होतं, मुलगा चौथी पास आहे. बाबा म्हणाले, माझी मुलगीही चौथी पास, जोडा शोभतो. लग्नानंतर आठ दिवसांत बाबांचं पत्र आलं. यांनी ते हातात घेतलं, बराच वेळ बघितलं, आणि मला म्हणाले, "तूच वाच. तुह्या बापाचं हाय." मी समजले. त्यांनाही कळलं की मी समजले. त्यावर आम्ही आजवर एक शब्द बोललेलो नाही. सही तेवढी गिरवून गिरवून शिकले आहेत.

आणि पोथी? इथली रीत अशी की पुरुषांच्या बैठकीत बाईनं पोथी वाचायची नाही. म्हणून मी माजघराच्या दाराआड बसते. माझ्या मांडीवर एक पोथी, यांच्यापुढे चौरंगावर दुसरी उघडून ठेवलेली. मी आतून ओवी वाचते, ते बाहेरून अर्थ सांगतात. अर्थ मात्र असा सांगतात की म्हातारी माणसं मान डोलावतात. पेपरही तसाच, वाचायचा मी, समजावून सांगायचा त्यांनी. गावाला सगळं माहीत आहे. दाराआडचा आवाज कोणाचा हे का लोकांना कळत नाही? पण कोणी बोलत नाही. अंमलदार आला तेव्हा यांचा अर्थ चालला होता, पुढ्यात पोथी होती, त्यानं लिहून टाकलं, हाच वाचणारा.

म्हणजे तू जे सिद्ध करायला निघाला आहेस तेच खोटं आहे. भर कचेरीत, तालुक्याच्या देखत, त्यांच्या हाती पोथी देणार आणि वाच म्हणणार. तुझी नामी युक्ती आमच्या मुळावर आली आहे.

परवा कोठडीत भेटून आले. म्हटलं, वाचणारी मी आहे हे सांगून टाका, सुटाल. ते म्हणाले, "नाई. ते आपल्या दोघांतलं हाय." तुझ्या अर्जाचं सांगितलं तर नुसते हसले. "देऊ दे पोथी. पाहू." त्यांना आपली अब्रू सजेपेक्षा मोठी वाटते, आणि मी ती बारा वर्षं झाकत आले, आता मीच कशी उघडी करू? पण एक वर्ष, भगवान. कोठडीच्या ओलीनं आताच त्यांना खोकला लागला आहे.

मी साक्षीदारांत नाव दिलं आहे. काय बोलणार ते मला ठाऊक नाही. मला वकील नको रे. तुझे अर्ज वर जाऊन बसू देत. दिवाळी तोंडावर आली आहे, लेकीला न्यायला माहेराहून मुराळी येतो. मुराळ्याला कोणत्याही राज्यात कोणी अडवलेलं मी ऐकलं नाही. तू मुराळी होऊन ये, आणि माझ्याजवळ नुसता बसून राहा.

अक्का


चिखली,
१४ ऑक्टोबर १९३५

अक्का,

तुझ्या प्रत्येक पत्राखाली 'यांचा नमस्कार' असतो. बारा वर्षं मी तो वाचला आणि अक्षर कोणाचं आहे हे एकदाही बघितलं नाही. कागद तपासणं हा म्हणे माझा धंदा.

भाऊजींबद्दल माझ्या मनात काय आलं असेल याची तुला भीती असेल, म्हणून सांगतो. बाबा गेले तेव्हा रात्रभर माझ्याजवळ बसून ते जे बोलले ते मला कुठल्या पुस्तकात अजून सापडलेलं नाही. मी तेव्हा समजत होतो, माणूस फार वाचलेला आहे.

अर्ज आता मागे घेतला तर मुन्सफाला संशय येईल, तो राहू दे. खरं सांगायचं की नाही हे भाऊजींचं आणि तुझं. मी त्यात वकिली करणार नाही. तुला फक्त तीन गोष्टी सांगतो. विचारलं तेवढंच सांग. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हण. आणि मुन्सफाकडे बघून बोल, जमिनीकडे नाही. लहानपणी मला रागावताना जशी बघायचीस तशी बघ, म्हणजे पुरे.

दमणी घेऊन येतो. आईनं तुझ्यासाठी लुगडं काढून ठेवलं आहे, अनारसे करायला घेतले आहेत. हक्काचं नंतर पाहू.

तुझा मुराळी


चिखली,
२५ ऑक्टोबर १९३५, धनत्रयोदशी

अक्का,

परवा कचेरीच्या दारात तू मला बघून एवढंच म्हणालीस, "सुटले," आणि पदर डोळ्यांना लावलास. मला दिवस मावळायच्या आत नाका ओलांडायचा होता, तसा शब्द दिला होता, म्हणून भाऊजींच्या पाया पडून, डबा तुझ्या हाती देऊन तसाच निघालो; ते नुकते सुटलेले, तुला माहेरी चल कसं म्हणणार? आत काय झालं ते मला अजून धड ठाऊक नाही. ते तू लिही. तुला ठाऊक नाही ते मी लिहितो.

नाक्यावर जहांगीर जमादार खाटेवर बसला होता. मी धोतर-मुंडासं घालून, दमणीत अनारशांचा डबा घेऊन. तो उठला.

"कोन?"

"मुराळी. निमगव्हाणले बहीण दिली हाय. दिवाळीले न्यायले आलो."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मांगच्या महिन्यात तुमच्याच तोंडावळ्याचा एक वकील आल्ता."

"आल्ता. हट्टी होता."

"तुमचा कोन लागते?"

"लय जवळचा हाय. पन सध्या आमचं जमत नाई."

तो हसला नाही. दमणीतलं गवत त्यानं हातानं चाचपलं आणि खालून माझा काळा कोट ओढून काढला. होय अक्का, कोट मी आणला होता. कशाला ते मला विचारू नकोस, घरी ठेवून यायचं मन झालं नाही. वाटलं, आता दोघं सापडलो. तो म्हणाला, "हा कोनाचा?" मी खरं सांगितलं, वकिलाचा. तो म्हणाला, "मंग याले सोडता येत नाई. हुकूम हाय. मुराळ्यानं खुशाल जावं, कोट इथंच राह्यल." मग आत जाऊन त्यानं कागदावर उर्दूत दोन ओळी लिहून आणल्या आणि वाचून दाखवल्या, एक काळा कोट, वकिलाचा, हद्दीवर रोखला. कोट खिळ्याला टांगला. वर मला बजावलं की कचेरीची पायरी चढायची नाही आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. मी शब्द दिला.

बैल हाकणार तोच म्हणाला, "मही बहीण परभनीकडं दिली हाय. तिले आनाले जातो तवा मीबी जमादार नसतो."

चार अर्जांनी जे झालं नाही ते या माणसानं एका खिळ्यावर केलं. परतताना त्याची पाळी संपली होती, खोलीला कुलूप होतं, म्हणून कोट तिथंच राहिला. राहू दे. मी चार तास कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसलो होतो, वकील असून आत काय चाललं आहे हे ठाऊक नसलेला. पक्षकारांचं काय होत असेल ते त्या दिवशी कळलं.

लिही लवकर.

भगवान


निमगव्हाण,
कार्तिक शुद्ध द्वितीया, भाऊबीज

भगवान,

आज चंद्राला ओवाळलं तुझ्या नावानं. ओवाळणी बाकी आहे, विसरू नकोस.

आता बसला आहेस का? ऐक.

मुन्सफसाहेबांनी तुझा अर्ज वाचला आणि पोथी यांच्या हाती दिली. मी बायकांच्या कोपऱ्यात उभी होते. यांनी पोथी कपाळाला लावली, उघडली, आणि सुरू केलं. भगवान, ओवीमागून ओवी, एक शब्द चुकला नाही. माझाच सूर, माझेच थांबे. बारा श्रावण दाराबाहेर बसून त्यांनी माझं सगळं वाचन पाठ केलं होतं आणि मला पत्ता नव्हता. पेशकार मुन्सफाला अर्थ सांगत होता, तो सांगायचं सोडून ऐकू लागला.

मग मुन्सफ म्हणाले, आता हा पेपर वाचा.

पेपर कोणाला पाठ असणार? यांनी तो हातात घेतला. बघत राहिले, लग्नानंतर बाबांचं पत्र बघत राहिले होते तसे. मला ते बघवेना. कोणी विचारलं नव्हतं, तरी मी म्हटलं, "साहेब, पेपर मी वाचतो. पोथीबी मीच वाचतो. त्याहीले वाचता येत नाई." जमिनीकडे बघितलं नाही, मुन्सफाकडे बघितलं.

तर हे काय म्हणाले असतील? "साहेब, ती खोटं सांगते. मीच वाचलं. तिले काई येत नाई."

मागे कोणीतरी हसलं. मुन्सफसाहेब हसले नाहीत. त्यांनी पेपर माझ्या हाती द्यायला सांगितला. मी वाचला. खामगावच्या बाजारातला कापसाचा भाव. बैलांच्या खुरांना कीड पडली तर काय लावायचं. कोणाची तरी एक म्हैस हरवली आहे, डाव्या शिंगाला तांबडा दोरा. पेशकार सांगत गेला तसा मुन्सफ ऐकत गेला. म्हैस संपल्यावर त्यांनी विचारलं, हा भाव तर जुना झाला, सध्या काय चालला आहे? मी म्हटलं, "दोन महिने झाले पेपर तुमच्याकडंच हाय. मले काय ठाऊक?" तेव्हा मात्र तेही हसले.

पोथीला परवानगी लागत नाही, या पेपरात चिथावणी दिसत नाही, आरोपीला सोडावं, असा हुकूम झाला. पण यापुढे चारचौघांत पेपर वाचायचा तर रीतसर अर्ज करा. मी विचारलं, अर्ज कोणाच्या नावानं? ते म्हणाले, "जो पढता है, उसीके नाम से."

घरी येताना वाटेत मी यांच्यावर चिडले. म्हटलं, अब्रूसाठी वर्षभर कोठडीत बसायला निघाला होतात? मला खोटं पाडलंत? ते चालता चालता म्हणाले, "अब्रू कायची वं? वाचणारीले धरतीन अशी भीती होती. तुले कोठडीत कसं पाह्यलं असतं मी?"

बारा वर्षं मी समजत होते की मी यांची लाज झाकते आहे. कोठडीत ते मला झाकून बसले होते. मी तिथं रस्त्यात उभी राहून रडले. त्यांनी पाणी आणून दिलं आणि मग एक गोष्ट विचारली, ती तुला सांगायची नाही असं बजावलं आहे, म्हणून सांगत नाही.

अर्ज लिहिला आहे. माझ्या नावानं. तू फक्त मसुदा पाहून दे, त्यात तुझा हक्क घुसवू नकोस.

अक्का


निमगव्हान
माघ

भगवानराव

हे मी लिवतो. तिनं पाटीवर शिकवलं. दिवाळीपासून रोज. मी रस्त्यात तिले इचारलं होतं का मले शिकवशीन काय. ते तुमाले सांगू नको म्हनलं होतं. आता मीच सांगतो.

हात दुखते. चूक भूल माफ.

परवानगी आली. नाव तिचं. आता ती दाराआड बसत नाई. ओसरीवर बसते. पह्यल्या दिवशी दोन म्हातारे उठून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. भाव आयकाचा होता.

पेपर धाडत जा.

जहांगीर जमादार भेटला. तुमचा कोट खिळ्यावर हाय. तो म्हनते वकिलाचा कोट मुराळ्याले देता येत नाई. वकील यीन तवा देईन. तुमचे अर्ज चालू ठेवा. तो रोज झटकते.

तुमाले मही चिठ्ठी येत नोती. खाली नमस्कार ती लिवे.

हा मी लिवला.

महादेवचा नमस्कार